अनुभव धागा: बिघडलेला छोटा डिजिटल कॅमेरा आणि त्याची दुरुस्ती

खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे २००० नंतर हळूहळू घरोघरी आले. बारशी, मुंजी, सहली, सगळं त्यांनीच टिपलं. मोबाइल आले आणि ते कपाटात गेले. आता कॉलेजातली मुलं तेच कॅमेरे हौसेने बाहेर काढताहेत आणि निम्मे तरी चालू होत नाहीत. आमचा बटण दाबलं की लेन्स अर्धी बाहेर काढतो, कर्रकर्र करतो आणि बंद पडतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. पण दुरुस्त होण्यासारखी वस्तू भंगारात टाकायला माझा जीव होत नाही. तुमचा कशाने बिघडला, कुणी कसा नीट केला, जरा सविस्तर लिहा.

डोंबिवली
अगदी हेच लक्षण! तारकर्लीला मुलाने वाळूत खेळता खेळता फोटो काढले आणि घरी येईपर्यंत लेन्स अडकली. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे एका जुन्या कारागिरांकडे नेला. त्यांनी कॅमेरा कानाशी धरून चालू केला. "मोटर फिरतेय, नळी सरकत नाही. आत कचरा आहे," म्हणाले. मग पांढऱ्या कागदावर कॅमेऱ्याचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो कागदावर ठेवला. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांबडा भलत्या जागी पिळला तर आतलं काहीतरी फुटतं. लेन्सच्या नळ्या एकात एक बसतात आणि त्यांच्या तिरक्या खाचांतून बारीक खुंट्या सरकतात. एका खाचेत वाळूचे दोन-तीन कण होते, एवढंच! मऊ ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा, बस्स. तेलाचा थेंबही घातला नाही. तेल काचेवर पसरतं आणि पुन्हा धूळ धरतं, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. कॅमेरा नंतर मुलाच्या दहावीपर्यंत चालला. तुम्ही कृपा करून लेन्स हाताने ओढू नका. आतल्या गिअरचे दात तुटले की अख्खी लेन्स बदलावी लागते.

नाशिक
माझं थोडक्यात. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर दुरुस्तीला नेण्याआधी सेल बदलून बघा. लेन्स बाहेर काढताना मोटर बरीच वीज ओढते, घड्याळातले साधे सेल तिथे मान टाकतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्टच लिहिलेलं असतं, पण ते अशा ओढीला टिकतात. आमचा 'मेलेला' कॅमेरा एवढ्यावर उठून बसला.

कोल्हापूर
रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून कळकळीने सांगतो. घरी स्क्रू खोलायचा विचार असेल तर फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर लक्षात ठेवा. त्यात ३०० व्होल्टच्या आसपास विजेचा दाब असतो आणि बॅटरी काढली तरी तो लगेच उतरत नाही. सेल दीड व्होल्टचा म्हणून बोट घालू नका. पोरांच्या हाती तर नकोच.

पणजी
आमचा वेगळाच प्रकार. पावसाळ्यात एक दिवस सगळे फोटो जांभळे, आडव्या रेघांचे यायला लागले, मग नुसताच काळा पडदा. आधी वाटलं लेन्स गेली. पण लेन्स ठणठणीत होती, आतली सीसीडी ही प्रकाश टिपणारी चिप बिघडली होती. २००५ साली बऱ्याच कंपन्यांनी जाहीर केलं होतं की ठरावीक मॉडेलांतल्या सीसीडीची जोडणी उष्ण-दमट हवेत निकामी होते, ती फुकट बदलून देऊ. आमचं मॉडेल त्या यादीत निघालं आणि एक पैसा लागला नाही. तेव्हा बिघाड दिसला की मॉडेल नंबर घालून आधी शोधा. तो दोष नेहमीचाच असेल तर कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं.

रत्नागिरी
कोकणात वाळूपेक्षा बुरशी वाईट. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि फोटो धुरकट येतात. सुरुवातीला साफ होते, उशीर झाला तर काचेवरचा लेपच खाते, मग डाग जात नाही. कातडी पाऊच सर्दावतं, कॅमेरा त्यात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि मधून मधून बाहेर काढून चालवा.

पुणे
सगळे कॅमेऱ्याबद्दल लिहिताहेत, मी कार्डाबद्दल सांगते. आमचा कॅमेरा पडला तो पडलाच, पण कार्डही 'फॉरमॅट करा' म्हणायला लागलं. त्यात आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. फॉरमॅट केलं नाही, त्यावर नवीन एकही फोटो काढला नाही. भाच्याने फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं. फायलींची नावं सगळी गेली, तारखांचा गोंधळ झाला, पण बहुतेक फोटो निघाले. कॅमेरा दुकानात देताना कार्ड काढून घरीच ठेवा, आणि फोटो परत मिळेपर्यंत ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका.