येळवस जवळच्या रविवारी धरावी काय?

मांजराकाठ :
येळवस, म्हणजे मार्गशीर्षातल्या दर्शवेळ अमावस्येला रानात जाऊन एकत्र जेवण्याचा आपला सण, ११ जानेवारी २०२४ ला गुरुवारी आली, त्याच वर्षी ३० डिसेंबरला सोमवारी आली आणि २०२५ मध्ये १९ डिसेंबरला शुक्रवारी आली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत या सणाला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट होतो आणि सारा जिल्हा शिवारात असतो. पण पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत नोकरीला गेलेल्या आपल्या लेकरांना ती सुट्टी लागू नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या रानातल्या कडब्याच्या कोपीपुढे बावीस ताटे मांडली जात. मागच्या येळवसला सात मांडली, आणि जेवणाऱ्यांपैकी चौघे साठी ओलांडलेले होते. आंबिलाची बिंदगी, म्हणजे लहान घागर, डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालणारे तरुण माणूस घरात नव्हते, म्हणून ती मोटारसायकलवर मांडीत धरून न्यावी लागली.

माझे म्हणणे असे आहे की अमावस्येला सर्वांत जवळ येणारा रविवार हाच येळवसचा दिवस धरावा. स्वीडनमध्ये भर उन्हाळ्यातला मोठा सण पूर्वी २४ जूनला असे. १९५३ पासून तो २० ते २६ जून यांमधल्या शनिवारी धरतात, आणि आजही तेथील लोक पानाफुलांनी मढवलेला खांब उभा करून त्याभोवती फेर धरतात, नवे बटाटे आणि मुरवलेली मासळी खातात. सण होता तसाच राहिला, फक्त सर्वांना घरी येता आले. जपानने २००० सालापासून वयात आलेल्या मुलामुलींच्या सत्काराचा दिवस १५ जानेवारीवरून जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी नेला, तोही जोडून सुट्टी मिळावी म्हणूनच. पीक काही तिथी पाहून वाढत नाही. वर दिलेल्या तारखांमध्येच २३ दिवसांचा फरक पडतो, तरी तिन्ही वेळा तुरीच्या शेंगा भरलेल्या होत्या आणि ज्वारी उभी होती. मग फार तर तीन दिवस मागेपुढे झाल्याने काय बिघडेल?

काळी माती :
आपली कळकळ खरी आहे, आणि सात ताटांचे दुःख आमच्याही रानात आहे. तरीही आपला उपाय मला मान्य नाही. स्वीडनचे उदाहरण आपण दिले, आता अमेरिकेचे पाहा. तेथे १९६८ च्या कायद्याने काही राष्ट्रीय सुट्ट्या १९७१ पासून सोमवारी नेण्यात आल्या. त्यांत माजी सैनिकांच्या सन्मानाचा दिवसही होता. तो ११ नोव्हेंबरला पाळला जाई, कारण पहिल्या महायुद्धातला युद्धविराम ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाला होता. ऑक्टोबरमधल्या सोमवारी नेलेला तो दिवस लोकांनी मनापासून स्वीकारला नाही, अनेक राज्ये जुन्याच तारखेला चिकटून राहिली, आणि अखेर १९७८ पासून तो ११ नोव्हेंबरला परत आणावा लागला. ज्या दिवसाला स्वतःचे कारण असते तो दिवस सोयीसाठी हलवला की ते कारणच मागे राहते.

त्याच देशात १९३९ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुगीनंतर कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण एक आठवडा अलीकडे ओढला, नाताळच्या खरेदीला व्यापाऱ्यांना जास्त दिवस मिळावेत म्हणून. जवळपास निम्म्या राज्यांनी ते मानले आणि बाकीच्यांनी मानले नाही, त्यामुळे एकाच देशात एकाच सणाच्या दोन तारखा झाल्या. आपल्याकडेही हेच होईल. अर्धे गाव अमावस्येला रानात जाईल, अर्धे रविवारी, आणि कोणाच्याच शिवारात पुरती माणसे नसतील.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रविवार कोणाचा आहे? तो पगारदारांचा आहे. सालगड्याला आणि रोजाने जाणाऱ्या बाईला रविवारची सुट्टी कधीच नसते. अमावस्येला मात्र आमच्या भागात जुन्या रीतीने औत धरत नाहीत. बैलालाही विसावा असतो आणि बैल हाकणाऱ्यालाही. ज्यांना स्वतःचे रान नाही त्यांना त्या दिवशी कोणत्याही बांधावरून ‘या, जेवून जा’ अशी हाक येते, आणि ती येते याचे कारण त्या दिवशी कोणीच कामावर नसतो. पुण्याच्या मुलासाठी दिवस बदलताना गावात राहिलेल्या या माणसाला विचारले पाहिजे.

मांजराकाठ :
सालगड्याचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता, आणि तो यायला हवा होता हे मी मान्य करतो. परंतु रूझवेल्ट यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या गोंधळानंतर १९४१ साली तेथील संसदेने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरवला, आणि तेव्हापासून साऱ्या देशाला तो दिवस आधीच ठाऊक असतो. वार ठरलेला असल्यामुळेच दूरदूरची माणसे त्या आठवड्यात घरी पोहोचतात. गोंधळ झाला तो दोन तारखांमुळे. एकच वार सर्वांनी मिळून ठरवला असता तर झाला नसता.

सीमेवरचा उदगीरकर :
मी मुसलमान आहे, आमच्या घरी रान नाही, आणि लहानपणापासून मी मित्राच्या शेतात येळवस जेवत आलो आहे. ‘काळी माती’ यांनी सांगितलेली बांधावरची हाक म्हणूनच मला ठाऊक आहे. इस्लामी चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्यामुळे आमची ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि ती उद्या आहे की परवा हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावरच पक्के होते. तरीही माझे दोन भाऊ पुण्याहून येतात. वरिष्ठांना आधीच सांगून ठेवतात, रजा अंदाजाने टाकतात, एखाद्या वर्षी ती चुकतेही. पण ईद रविवारी करू या, असे आमच्या घरात कोणी कधी म्हटले नाही.

जपानच्या उदाहरणाला पुस्ती जोडतो. त्या देशाने १८७३ साली जुने चांद्र-सौर पंचांग सोडून पाश्चात्त्य दिनदर्शिका घेतली. दोन ताऱ्यांच्या भेटीचा त्यांचा सण जुन्या पंचांगाप्रमाणे सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीला, म्हणजे बहुधा ऑगस्टच्या निरभ्र आकाशाखाली येत असे. नव्या दिनदर्शिकेतला ७ जुलै भर पावसाळ्यात येतो आणि ज्या ताऱ्यांसाठी सण आहे ते ढगांआड राहतात. सेंदाई शहरात म्हणूनच हा उत्सव आजही ६ ते ८ ऑगस्टला होतो. तीन दिवसांच्या बदलाने इतके होणार नाही हे मला कळते, पण आकाशाशी बांधलेली गाठ एकदा सुटली की पुढचा बदल कोणत्या सोयीसाठी होईल हे आज सांगता येत नाही.

मला कोरियाचा मार्ग योग्य वाटतो. दक्षिण कोरियात सरकारने कित्येक वर्षे १ जानेवारीच नववर्ष म्हणून पुढे केला, आणि लोक मात्र घराघरांत चांद्र नववर्षच करत राहिले. शेवटी १९८५ साली सरकारने त्या दिवशी एक दिवसाची सुट्टी दिली, आणि १९८९ साली सणाचे जुने नाव परत देऊन ती तीन दिवसांची केली. लोकांनी दिवस सोडला नाही म्हणून सुट्टी दिवसाकडे आली. इराणमध्ये नवरोजच्या तेराव्या दिवशी घरात थांबायचे नसते; माणसे डबे बांधून रानात, नदीकाठी जातात आणि नववर्षासाठी उगवलेले हिरवे अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. त्या दिवशी तेथे सरकारी सुट्टी असते. त्याची वर्णने वाचताना मला निलंग्याच्या रस्त्यावरची येळवसची सकाळ आठवते. मागायची असेल तर आपणही रजा मागू या. दिवस आहे तेथेच राहू द्या.

तेरणाकाठची सून :
आतापर्यंत सर्वांनी दिवसाविषयी लिहिले. मी आदल्या रात्रीविषयी लिहिते, कारण ती रात्र स्वयंपाकघरात जाते. तुरीच्या, वाटाण्याच्या, पावट्याच्या शेंगा सोलायच्या, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात निवडायची, चिंचेचा कोळ काढायचा, आणि पहाटे तीनला पातेले चुलीवर ठेवून डाळीचे पीठ लावून भज्जी, म्हणजे या साऱ्याची मिसळीची भाजी, ढवळत उभे राहायचे. पीठ खाली लागू नये म्हणून हात थांबवता येत नाही. दुसऱ्या चुलीवर बाजरीचे उंडे उकडत असतात. ज्वारीचे पीठ लावून शिजवलेली ताकाची आंबील संध्याकाळीच करून ठेवावी लागते, तेव्हा ती दुपारपर्यंत जराशी आंबते. पूर्वी आमच्याकडे हे सारे सहा बायका मिळून करत आणि रात्र बोलण्यात सरून जाई. मागच्या वर्षी मी आणि सासूबाई दोघीच होतो, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात.

म्हणून ‘मांजराकाठ’ दादांना माझे इतकेच सांगणे आहे की ताटे कमी झाली हे आपल्याला दिसले, पण शेंगा सोलणारे हात त्याआधीच कमी झाले होते. रविवारी दुपारी बारा वाजता गाडीतून उतरून कोपीत बसणारी पंधरा माणसे वाढली, तर आमचे काम दुपटीने वाढेल. आणि काही घरांनी अमावस्या धरली व काहींनी रविवार, तर सासरी एकदा आणि माहेरी एकदा अशी दोनदा भज्जी करावी लागेल. मी अमावस्येच्याच बाजूची आहे. माझ्या दिराने येत्या येळवसला दोन दिवसांची रजा टाकायचे कबूल केले आहे, अमावस्येची आणि आदल्या दिवसाची. तो आणि जाऊबाई आदल्या दुपारपर्यंत पोहोचणार आहेत. शेंगांची पाटी मी त्यांच्यासाठी ओसरीवर काढून ठेवीन.