घाटात तापणारी जुनी एमएम ५४०: रेडिएटरला नवीन कोअर बसवावा की अॅल्युमिनियमचा रेडिएटर घ्यावा?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

नमस्कार. माझ्याकडे प्युजो डिझेल इंजिन असलेली जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे. वावरातल्या कामासाठी ती रोज वापरात असते आणि धारणीकडे नातेवाईक असल्यामुळे परतवाड्याच्या पुढचा मेळघाटातील घाटही तिला अधूनमधून चढावा लागतो. दर्यापूर ते परतवाडा हा सपाट रस्ता ती भर उन्हातही विनातक्रार कापते आणि तापमानाचा काटा मध्याच्या खालीच राहतो. बिहालीनंतर चढ सुरू झाला आणि गाडीत माणसे व सामान असले, की मात्र काटा वर सरकू लागतो आणि घटांग येईपर्यंत लाल पट्ट्याला टेकतो. सावलीत थांबून इंजिन चालू ठेवले, तर तो हळूहळू खाली येतो. गेल्या उन्हाळ्यात तर रेडिएटरच्या झाकणातून पाणीही फेकले गेले.

आमच्याकडील मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, पण त्यामुळे सपाटीवर इंजिन उशिरा तापू लागले एवढेच. घाटातील त्रास तसाच आहे. रेडिएटर तांबे-पितळेचा, मूळचाच आहे. खालच्या टाकीच्या सांध्यावर हिरवट-पांढरा थर धरला असून तेथून थेंब गळतो. आमचे गाव खारपाण (खाऱ्या भूजलाच्या) पट्ट्यात असल्याने आजवर त्यात बोअरचेच पाणी पडत आले आहे. याच टाक्यांना नवीन कोअर (मधली नळ्या-पंखांची जाळी) बसवून घ्यावा, की अॅल्युमिनियमचा तयार रेडिएटर घ्यावा? कोअर नळ्यांच्या तीनऐवजी चार ओळींचा केला तर उपयोग होईल का?

जाळीदुरुस्ती (अकोला)

भाऊ, तुमच्या वर्णनातच अर्धे निदान झालेले आहे. जी गाडी उभी असताना किंवा गर्दीत तापते, तिचा दोष बहुधा फॅन, बेल्ट किंवा हवेच्या मार्गात सापडतो. जी सपाटीवर थंड राहते, उभी केल्यावर निवते आणि केवळ ओझ्याने तापते, तिच्या रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताच घटलेली असण्याचा संभव अधिक असतो. मूळ कोअर आणि खारपाणातील पाणी हे दोन्ही एकत्र आल्यावर नळ्या अर्ध्याअधिक बुजलेल्या असणार, असे मी गाडी न पाहताही म्हणेन.

खात्री मात्र करून घ्यावी. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत पाहिले, तर वरच्या टाकीत उघडणारी नळ्यांची चपटी तोंडे दिसतात. पूर्णाखोऱ्यातील गाड्यांमध्ये त्या तोंडांवर पांढरट खरपूड बसलेली असते, काही तोंडे पूर्ण मिटलेली असतात आणि नखाने खरवडले तर चुन्यासारखी भुकटी हाताला लागते. दुसरी खूण म्हणजे गाडी चांगली तापवून, इंजिन बंद करून, इन्फ्रारेड तापमापकाने कोअरचा सगळा पृष्ठभाग तपासावा; वरून खाली तापमान थोडे थोडे उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर त्या भागातून पाणी वाहतच नाही असे समजावे.

आता मुख्य प्रश्न. टाक्या व बाजूच्या पट्ट्या शाबूत असतील, तर त्याच टाक्यांना नवीन तांब्याचा कोअर लावून घेणे मला अधिक पटते. त्यात मापे बदलत नाहीत, फॅन आणि कोअर यांतील अंतर तसेच राहते आणि पुढे कधी रानात दगड लागून नळी फुटली, तर तालुक्याच्या गावातला कारागीरही ती डागून (सोल्डर करून) देऊ शकतो. रॉडिंग करून, म्हणजे टाकी काढून नळ्यांतून सळई फिरवून, काम भागते, परंतु इतक्या जुन्या कोअरमध्ये नळ्यांची भिंत खाऊन पातळ झालेली असते आणि सळई फिरताच ती भोके उघडी पडतात. म्हणून मी रॉडिंगच्या भरीस पडू नये असे सांगेन.

चार ओळींच्या कोअरबाबत जरा थांबा. ओळी वाढल्या की मागच्या ओळीला आधीच तापलेली हवा मिळते आणि हवेला आरपार जाण्यास अडथळाही वाढतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडीचा वेग कमी असतो, त्यामुळे सगळी हवा फॅनलाच ओढावी लागते. फॅनची ओढ तेवढी नसेल, तर चार ओळींचा कोअर तीन ओळींपेक्षा फारसा सरस ठरत नाही. पंखांची जाळीही फार दाट घेऊ नये, कारण तिच्यात कुटार, कुसळे आणि कापसाची रुई चटकन अडकते.

घटांगचा चढ (परतवाडा)

कोअरबद्दल सहमत आहे, पण अॅल्युमिनियम अगदीच बाद ठरवण्याचे कारण नाही. त्याच्या नळ्या रुंद असतात, वजन कमी असते आणि चांगला बनवलेला असेल तर उष्णताही उत्तम फेकतो. अडचण दोन ठिकाणी आहे: प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असेल तर खडबडीत रस्त्यावर चॅसिसच्या पिळाने सांधा गळू लागतो, आणि बोअरचे पाणी अॅल्युमिनियमला तांब्यापेक्षाही लवकर खाते. पाण्याची सवय बदलणार नसाल, तर तो घेऊच नका.

त्याआधी थर्मोस्टॅट परत बसवा. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासचा (रेडिएटर टाळून जाणारा) मार्ग मिटतो. तो काढून टाकला, तर तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो. शिवाय थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते. साधारण ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट आपल्याकडच्या हवेला योग्य असतो. बसवण्यापूर्वी तो पाण्याच्या भांड्यात तापमापकासह ठेवून, वेळेवर उघडतो की नाही, हे घरच्या शेगडीवर पाहता येते.

दुसरी गोष्ट झाकणाची. चिखलदऱ्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १,१०० मीटरवर, उघड्या भांड्यातील पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने धरून ठेवलेला दाब ही उकळण्याची मर्यादा वर नेतो, समुद्रसपाटीला ०.९ बारचे झाकण ती ११८ अंशांच्या जवळ नेते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मरगळली, की हा लाभ जातो आणि इंजिन फारसे तापलेले नसतानाही पाणी फेकले जाते. मात्र नवीन झाकण मूळ गाडीला होते तेवढ्याच दाबाचे घ्यावे, कारण जास्त दाबाने जुन्या टाक्यांचे डागकाम (सोल्डर) सुटते.

फॅनभोवतीचा श्राउड (सगळ्या कोअरमधून हवा ओढवणारे कडे) जागेवर आहे का, हेही पाहा. जुन्या जीपमध्ये तो कोणीतरी काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलेला असतो. श्राउड नसेल, तर फॅन आपल्या समोरचा गोल भाग तेवढा ओढतो आणि कोअरचे चारही कोपरे वाया जातात. समोर लावलेले जाडजूड बंपर व मोठे दिवेही हवा अडवतात. शोभेचे असतील तर काढून ठेवा.

चढावर वरच्या गियरमध्ये इंजिन रडवत नेऊ नका. एक गियर खाली घेतला की फॅन आणि पाण्याचा पंप दोन्ही जोरात फिरतात, तर इंजिनावरचा ताण कमी होतो. काटा लाल पट्ट्याकडे गेलाच, तर थांबून इंजिन किंचित वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्याने हेडला तडा जाऊ शकतो, आणि गरम झाकण उघडणे तर जिवावर बेतणारे आहे.

पूर्णाकाठ

दोघांचेही आभार. श्राउड खरोखरच नाही, मागील मालकाने काढलेला असावा. नळ्यांची तोंडेही पाहिली. वर्णन केले तशीच ती बुजलेली आहेत. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर कोणी हात फिरवला असल्यास त्याचाही संबंध असू शकतो का? चढावर गाडी बराच काळा धूर सोडते. आणि पाण्यात मिसळायचे कूलंट किती घालावे?

डिझेलपंप (मूर्तिजापूर)

काळा धूर ही महत्त्वाची खूण तुम्ही शेवटी सांगितलीत. ताकद वाढावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देण्याची आपल्याकडे फार सवय आहे. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की ते धुरात जाते आणि निकासाचे तापमान वाढते. इंजेक्शनचे टायमिंग (सिलिंडरमध्ये डिझेल सोडण्याची वेळ) मागे पडले असेल, तरी तोच परिणाम होतो. त्यामुळे आधी एअर फिल्टर साफ करून मग पंप व नोझल बेंचवर तपासून घ्यावेत, अन्यथा नवा कोअरही ही वाढीव उष्णता निस्तरत बसेल.

हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक व वरचे हेड यांमधल्या पॅकिंगची) शंकाही दूर करून घ्या. थंड इंजिन सुरू केल्यानंतर पाणी तापण्याआधीच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, किंवा झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर बुडबुडे सतत येत राहत असतील, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. तसे असेल, तर रेडिएटरवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी हेड उघडावे लागेल.

ते नसेल, तर नवीन कोअर बसवण्याआधी इंजिनाचे पाण्याचे मार्ग धुऊन घ्या, नाहीतर ब्लॉकमधील गंज व खर पहिल्याच आठवड्यात नव्या नळ्यांत जाऊन बसेल. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या बारीक छिद्रातून थेंब येत असेल, तर ती याच वेळी बदलावी. खालच्या होज पाइपमध्ये स्प्रिंग नसेल, तर जास्त फेऱ्यांवर तो पंपाच्या ओढीने आत चिमटतो आणि पाण्याचा मार्ग आवळतो. हा दोष गाडी उभी असताना दिसत नाही.

विदर्भात पाणी गोठण्याची भीती नसल्याने कूलंट आपण गंज रोखण्यासाठी आणि उत्कलनबिंदू थोडा वाढवण्यासाठी घालतो. ग्लायकॉलचे (कूलंटमधील मुख्य द्रवाचे) मिश्रण निव्वळ पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेते, म्हणून निम्मे-निम्मे प्रमाण आवश्यक नाही. एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरते, फक्त डब्यावरील किमान प्रमाण पाहून घ्या. तांबे, पितळ व डागकामाला चालेल असे लिहिलेलाच डबा निवडा. खारपाणातील बोअरचे पाणी कूलंटमध्ये मिसळले, तर त्यातील क्षारांपुढे कूलंटमधील गंजरोधके लवकर संपतात, तेव्हा घाटात वर भरण्यासाठीही डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन गाडीतच असू द्या. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते गोड लागते आणि जनावरांना विषारी असते.

भरताना गाडीचे तोंड चढावर ठेवून सावकाश ओतावे. हीटर असल्यास त्याचा नळ उघडा ठेवावा आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन झाकणाविना मंद चालवावे. मध्येच पातळी एकदम खाली गेली, तर आत अडकलेली हवा निघाली असे समजून पुन्हा भरावे आणि पातळी स्थिर झाल्यावरच झाकण लावावे. पहिल्या घाटफेरीनंतर दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी आणि क्लॅम्प पुन्हा एकदा पाहून घ्या.