मुंबई-पुणेकरांपुरता सिनेमा?

'मुंबई-पुणे-मुंबई' त्या दोन शहरांतल्या लोकांपुरताच आहे, बाहेरच्यांना त्यात काय सापडणार, हे या सिनेमावरच्या चर्चेत एकानं मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. गोष्ट फारशी नाही, दिवसभर दोघं फिरतात आणि बोलतात, हे मात्र मान्य. पण कोणाचं शहर भारी हा वाद त्यात वरवरचा आहे. स्थळ बघायला मुलगी एकटी पुण्याला येते, खरा सिनेमा तिथं आहे! 2010 साली आमच्या सोलापुरात हे बघणं फार वेगळं होतं. इथं बघण्याचा कार्यक्रम म्हणजे हॉलभर पाहुणे, आत्या-मावश्यांची प्रश्नांची सरबत्ती आणि पोह्यांची बशी हातात धरून खाली मान घातलेली मुलगी. माझ्या चुलतबहिणीनं हा सिनेमा बघितल्यावर काकांना सरळ सांगितलं, "मी आधी त्याला एकटी भेटणार." काका दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. मग स्वतःच हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढून दिलं. पुण्याला जाऊन ती त्या मुलाला भेटली आणि नकार देऊन आली. तिच्या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कोणीच लिहिली नाही. पहिल्या भागात दोघांची नावंच कळत नाहीत. गौतम आणि गौरी ही नावं येतात ती 2015 च्या दुसऱ्या भागात. दिग्दर्शक सतीश राजवाडेंनी नावं न देता मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या फक्त बोलण्यावर अख्खा सिनेमा तोलून धरलाय. मला तरी म्हणूनच पुढच्या भागांपेक्षा पहिलाच जवळचा वाटतो.