मक्यापलीकडचा टेड कूझर

'अमेरिकेच्या मधल्या राज्यांतली कविता म्हणजे मक्याची शेतं आणि गेले ते दिवस' असं काहीजण म्हणतात. निम्मं मान्य. पण टेड कूझर हा कवी वाचलात का?

जन्म १९३९चा, आयोवातल्या एम्सचा. पुढे मुक्काम नेब्रास्कात आणि नोकरी विमा कंपनीत, तीही उपाध्यक्षपदापर्यंत! पहाटे उठून कविता लिहायची आणि मग ऑफिस गाठायचं. २००४ ते २००६ तो अमेरिकेचा राष्ट्रकवी होता, २००५मध्ये कवितेसाठीचं पुलित्झर पारितोषिकही मिळालं.

त्याची 'अबँडन्ड फार्महाउस' ही कविता वाचा. ओसाड घर, माणूस एकही नाही. बोलतात त्या वस्तू. बूट सांगतात माणूस धिप्पाड होता, पाठ मोडलेलं बायबल सांगतं देवभोळा होता. आणि दगडगोट्यांनी भरलेलं शेत सांगतं की शेती काही त्याला जमली नाही. बाई होती, मूलही होतं (ट्रॅक्टरच्या टायरमध्ये वाळू भरून त्याला खेळायला जागा केलेली). तळघरात टोमॅटोच्या, आलुबुखाराच्या बरण्या तशाच ठेवून सगळे निघून गेलेत. काहीतरी बिनसलं एवढंच कळतं, काय ते कवी शेवटपर्यंत सांगत नाही.

यात गेल्या दिवसांचे उमाळे कुठे आहेत? मला तर ही पंचनाम्याची भाषा वाटते. विम्याच्या ऑफिसात बसणाऱ्याला ती साधली, यात मला फारसं नवल वाटत नाही.

भाषाही इतकी साधी की डिक्शनरी लागत नाही. सुरुवात इथूनच करा.