मदत हवी आहे: फुल फेस मास्क आणि पाण्याखाली बोलायचा सेट, दोघांसाठी काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. मी आणि नवरा दोघांचंही स्कूबा डायव्हिंगचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर (दुसऱ्या पायरीचा कोर्स) झालंय, दिवाळीनंतर मालवण-तारकर्ली आणि जमलं तर कर्नाटकातलं नेत्राणी बेट असं आमचं चालू असतं. आता फुल फेस मास्क (अख्खा चेहरा झाकणारा, हवा थेट मास्कमध्येच येते असा) घ्यायचं डोक्यात आहे आणि सोबत बोलायचं युनिट.

एक तर मला चष्मा आहे, साडेचारचा नंबर, आणि तोंडात रेग्युलेटर (सिलेंडरची हवा देणारा तोंडातला भाग) धरून जबडा जाम दुखतो. आणि दुसरं म्हणजे नवरा कॅमेरा घेऊन उतरला की त्याला जगाचं भान राहत नाही, मी मागून सिलेंडरवर टकटक करून थकते पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जातो त्यामुळे तो कुठून आला हेच त्याला कळत नाही, चारी दिशांना बघतो आणि परत माशांकडे.

आत्तापर्यंत वाचून दोन नावं काढलीत, ओशन रीफचा नेपच्यून स्पेस जी डायव्हर्स आणि ओटीएसचा गार्डियन. दोन्हींत चष्म्याच्या काचा बसवता येतात असं कळलं. पण दोन मास्क आणि दोन युनिट म्हणजे हिशोब लाखांच्या घरात जातोय, म्हणून विचारते की एकाचा मास्क ओशन रीफ आणि दुसऱ्याचा गार्डियन घेतला तर आमचं बोलणं होईल का, की सगळं एकाच कंपनीचं लागतं? आणि माझी वेणी त्या पाच पट्ट्यांत अडकणार नाही ना? सराव कुठे करायचा हा अजून एक घोळ. सोसायटीच्या पूलमध्ये सिलेंडर आणू का म्हणून विचारलं तर सेक्रेटरी काका घरगुती गॅसचाच समजले, वरून पूल जेमतेम चार फूट.

—

दर्याकाठ (उरण):
ताई, मी न्हावाशेवा साइडला हल क्लीनिंगची, म्हणजे जहाजाचा पाण्याखालचा भाग घासायची कामं करतो. आमचं हेल्मेट आणि अंबिलिकल (वरून हवा आणणारी जाड नळी), बोलायची वायर त्यातूनच वर येते, त्यामुळे ते प्रकरण वेगळं. पण वायरलेस पण वापरलंय म्हणून सांगतो.

रेडिओ खाऱ्या पाण्यात चालत नाही, ही युनिट आवाजावर चालतात, आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या. ओशन रीफ आणि ओटीएस दोघांचा नेहमीचा चॅनेल 32.768 किलोहर्ट्झ, अप्पर साइडबँड (सिग्नल पाठवायची पद्धत) (मनगटी घड्याळातल्या क्वार्ट्झचा पण हाच आकडा, सहज आठवलं). म्हणजे मिक्स घेतलं तरी बोलणं होईल, फक्त घेताना मॉडेलचा चॅनेल तपासून घ्या. बोटीवरच्या माणसाला ऐकायचं असेल तर सरफेस युनिट वेगळं, त्याचा ट्रान्सड्यूसर (आवाज पकडणारा-सोडणारा भाग) पाण्यात सोडावा लागतो.

आता फोनवर बोलल्यासारखं बोलता येईल असं समजू नका. एका वेळी एकच जण बोलतो, बटण दाबायचं, थोडं थांबायचं, बोलायचं, सोडायचं. श्वास सोडताना बुडबुड्यांचा असला गोंगाट होतो की अर्धं वाक्य त्यातच जातं, म्हणून थांबून, छोटी वाक्यं. कंपन्या लांबच लांब रेंज लिहितात ती मोकळ्या पाण्यातली. मालवणला मध्ये मोठा खडक आला की आवाज गेला.

पण खरा प्रश्न बोलण्याचा नाहीच. साध्या मास्कमध्ये रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी डोळ्यांनी दिसत असतं. फुल फेसमध्ये हवा संपली किंवा काही बिघडलं तर अख्खा मास्कच काढावा लागतो, मग हवा पण गेली आणि दिसणं पण गेलं. बडीचा (जोडीदाराचा) ऑक्टोपस, म्हणजे जास्तीचा रेग्युलेटर, मास्कच्या आत घालता येत नाही. म्हणून बीसीडीच्या (हवा भरायच्या जॅकेटच्या) खिशात साधा मास्क ठेवायचाच, आणि क्रम हाताला बसला पाहिजे: पट्ट्या सैल, हनुवटीकडून मास्क वर, ऑक्टोपस तोंडात, दोन श्वास, मग खिशातला मास्क लावून पाणी काढायचं. तुमच्या नंबरला तो खिशातला मास्क पण पॉवरचाच घ्या नाहीतर हवेचा काटा दिसणार नाही. किर्बी मॉर्गनच्या एम-48 चा खालचा पॉड सुटतो, वरचा भाग डोळ्यांवर राहतो आणि ऑक्टोपस थेट तोंडात घेता येतो, तोही बघून ठेवा.

बाकी, हवा जास्त खातो, सुरुवातीला तर हमखास, टाइम कमी धरा. आत हवेची जागा मोठी म्हणून डोकं वर ओढलं जातं, थोडं वजन वाढवावं लागतं. वरच्या हवेचा व्हॉल्व असतो त्याने बोटीची वाट बघताना सिलेंडर वाचतो, फक्त उतरायच्या आधी बंद करायचा. वेणी खाली मानेशी घट्ट बांधा किंवा पातळ हूड घाला, पट्ट्या केसांवर सरकतात आणि काढताना जीव जातो.

—

साधा_डायव्हर:
मिस्टरांना दाढी आहे का? असेल तर सील गळतं, आधी तो विषय मिटवा 😄 आणि ऑनलाइन दिसणारे ट्यूबवाले फुल फेस मास्क चुकून घेऊ नका. ते स्नॉर्कलिंगचे, फक्त पृष्ठभागावर वापरायचे, सिलेंडर जोडून खाली जायला नाहीत. आणि डायव्ह सेंटरवाले त्यांच्या भाड्याच्या फर्स्ट स्टेजला (सिलेंडरच्या तोंडावर बसणारा, दाब कमी करणारा भाग) आपला मास्क लावू देतीलच असं नाही, स्वतःची फर्स्ट स्टेज घेऊन जा. बऱ्याच ठिकाणी सिलेंडर योकवाले (वरून कसायच्या पकडीचे) असतात, तुमची डीआयएन (आट्यांनी बसणारी) असेल तर अडॅप्टर ठेवा.

—

(मूळ पोस्टवाली)
दर्याकाठ दादा, खूप खूप आभार, ऑक्टोपस आत जात नाही हे कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. दाढी आहे, आणि विषय काढल्यावर आमचे साहेब म्हणाले की मग तू घे, मी हाताच्या खुणा करतो. म्हणजे मूळ भांडण जिथल्या तिथे! सध्या असं ठरवतेय की आधी फक्त माझा मास्क, तो इन्स्ट्रक्टरसोबत पूलमध्ये पूर्ण अंगवळणी पडला की मगच युनिट. फक्त ऐकायचे रिसीव्हर मिळतात असं वाचलं, तसलं त्याला दिलं तर दाढी पण राहील आणि माझं ऐकावं पण लागेल, कुणी वापरलंय का ते?

आणि साइजचं अडलंय, छोटा-मध्यम घ्यावा की मध्यम-मोठा ते घालून बघितल्याशिवाय कळणार नाही. ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर, कुणाकडे यातला कुठलाही मास्क असेल तर अर्धा तास बघायला येऊ का? रविवारी कधीही चालेल.