ऑब्सिडियन: फाइलच्या नावात तारीख हवी का?

प्रश्न: ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये माझ्या नोट्स हजारावर गेल्यात. नावाआधी २०२५०३१४०९३० असा तारीख-वेळेचा १२ आकडी शिक्का ठेवू की नुसतं शीर्षक? फोल्डर किती?

उत्तर १: नुसतं शीर्षक. एका नोटमधून दुसरीला लिंक देताना दोन चौकटी कंस उघडून आपण नावच शोधतो. आकड्यांवरून काय डोंबल कळणार! तारीख फक्त रोजनिशीला, वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. आणि 'माती' असं मोघम नाव नको. 'मातीचा सामू कसा मोजतात' असं नेमकं द्या. दुसरी नावं प्रॉपर्टीजमधल्या (नोटच्या सुरुवातीच्या माहितीच्या रकान्यांतल्या) अलायसेसमध्ये, म्हणजे पर्यायी नावांत.

उत्तर २: नावात #, ^, | टाळा, लिंक बिघडते. : आणि ? विंडोजला चालत नाहीत, सिंक (दोन उपकरणांतल्या नोट्स सारख्या ठेवणं) अडकतं.

उत्तर ३: फोल्डर चार-पाच पुरेत. नाव मात्र ॲपमधूनच बदला. बाहेरून बदललंत तर लिंका जुन्याच नावाकडे बोट दाखवत राहतात.