25 डिसेंबर 1914: एक पॅनेल, एक पितळी डबी, मदत हवी

पेठेतला_वाचक
सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात डिसेंबरमध्ये छोटं प्रदर्शन आहे. माझ्याकडे 6 बाय 4 फुटांचं एक पॅनेल आलंय. विषय: पहिल्या महायुद्धातला पहिला नाताळ, त्या एका दिवशी सगळ्या आघाड्यांवर काय चाललं होतं. नेटवर शोधलं की फ्रान्समध्ये नाताळला गोळीबार थांबवून शत्रूशी खेळल्याचं सांगतात तो फुटबॉल सोडून काही सापडत नाही. आपले सैनिक कुठे होते?

पॅनेलशेजारी काचेच्या पेटीत ठेवायला जुन्या बाजारातून घेतलेली राजकन्या मेरीची (राजे पाचवे जॉर्ज यांची मुलगी) पितळी डबी आहे, तिच्या नावाच्या वर्गणीतून सैनिकांना नाताळची भेट म्हणून दिलेली. रिकामी, झाकण ढिलं, कोपऱ्यांत हिरवट थर. विकणाऱ्याच्या मते ती ‘फ्रान्सहून परतलेल्या मराठा पलटणीतल्या शिपायाची’. खरी कशी ओळखायची? आणि चिंच लावून घासली तर चालेल का?

पितळखुंटी
चिंच, लिंबू, पितळेची पावडर, काही म्हणजे काही लावू नका. झाकणावरचं नक्षीकाम ठशाने उठवलेलं आहे. घासलं की आधी राजकन्येचं नाक आणि केस सपाट होतात, मग ती डबी खरी असूनही नकली दिसते. मऊ कोरडा ब्रश, त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साध्या सौम्य साबणाचा एक थेंब टाकून कापसाच्या बोळ्याने पुसा आणि लगेच कोरडी करा, बिजागरीत पाणी राहू देऊ नका. कोपऱ्यातलं जंगाल बांबूच्या टोकदार काडीने अलगद खरवडा. निघेल तेवढंच काढा. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. खाली लोकरी फेल्ट किंवा रबर नको, दोन्हींतून गंधकाची वाफ सुटते आणि पितळ काळं पडतं.

आता ओळख. माप साधारण 5 इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, सव्वा इंच उंच. मधोमध पानांच्या गोल तोरणात मेरीचा चेहरा बाजूने, दोन्हीकडे M. वर ‘इम्पेरियम ब्रिटानिकम’, खाली ‘ख्रिसमस 1914’ आणि त्याच्या दोन्ही अंगांना युद्धनौकांची तोंडं. कडांना फ्रान्स आणि रशिया, चार कोपऱ्यांत बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो, सर्व्हिया. सर्बियाचं नाव तेव्हा इंग्रजीत V घालून लिहीत, त्यामुळे तिथे B दिसला तर डबी परत करा. झाकण ढिलं म्हणजे फक्त बिजागरी झिजलीय, त्याची काळजी नको.

पितळ हलकं वाटलं किंवा मुलामा उडून खालचा वेगळा धातू दिसला तरी लगेच नकली म्हणू नका. पितळेचा तुटवडा पडला होता. अमेरिकेहून येणारा पत्रा मे 1915 मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाला, आणि नंतरच्या बऱ्याच डब्या हलक्या धातूवर मुलामा देऊन काढल्या. ऑक्टोबर 1914 मध्ये वर्गणी सुरू झाली, नाताळपर्यंत साडेतीन लाखांहून जास्त डब्या पोचल्या, एकूण आकडा 26 लाखांवर गेला. म्हणजे बहुसंख्य लोकांना ‘ख्रिसमस 1914’ लिहिलेली डबी तो ख्रिसमस उलटून गेल्यावरच मिळाली! आत मूळ कार्ड असेल तर मजकूर बघा: नुसत्या ‘विजयी नववर्षा’च्या शुभेच्छा असतील तर ती नंतर वाटलेली.

सॅपर_लाइन्स
पितळखुंटींनी आतल्या मालाचं राहू दिलं, ते मी सांगतो, कारण पॅनेलवर हेच हमखास चुकतं. पाइप, एक औंस तंबाखू, 20 सिगारेटी आणि लायटर हा ब्रिटिश धूम्रपान करणाऱ्याचा संच. लायटर पुरेना तेव्हा गोळीच्या आकाराची पेन्सिल, कंगवा, दाढीचा ब्रश, कात्री असं काहीही घातलं. भारतीयांचं वाटप वेगळं होतं. गुरख्यांना ब्रिटिशांसारखंच. शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी. बाकीच्या भारतीयांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. भिस्ती आणि इतर नोकरवर्गाला फक्त मसाल्याची डबी आणि कार्ड, पितळी डबी नाही. तेव्हा पेटीत शेजारी तंबाखू मांडणार असाल तर तो बेत सोडा, चार खडे खडीसाखर ठेवा.

विकणाऱ्याची गोष्ट मात्र जुळत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी त्या नाताळात फ्रान्समध्ये नव्हत्या. 103, 110 आणि 117 या तिन्ही 6 व्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजचा इराक). 6 नोव्हेंबरला फाओला उतरणं, त्याच महिन्यात बसरा, 9 डिसेंबरला कुर्ना. नाताळच्या वेळी ते तैग्रिस-युफ्रेटिसच्या संगमावर आणि बसऱ्याच्या बाजूला. पुण्याचं नाव लावणारी डिव्हिजन पुण्यातल्या पॅनेलवर नसेल तर लोक विचारतीलच.

फ्रान्सशी पुण्याचा दुवा हवाच असेल तर तो खडकीचा. 3 ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (लष्करी इंजिनिअर) 20 आणि 21 कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर गेल्या होत्या, आणि 28 ऑक्टोबरला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांची चाळण झाली. या सॅपर्समध्ये मराठेही होते. एवढ्यावरून डबी त्यांच्यापैकी कुणाची असं मात्र लिहू नका. त्यासाठी नाव-नंबर लागतो आणि डबीवर तो नसतो.

नकाशेवाला
पॅनेलचं म्हणाल तर मधे नकाशा आणि भोवती आठच नोंदी ठेवा, जास्त घातल्या की सहा फुटांवरून काही वाचता येत नाही. यातल्या निवडा:

फ्रान्स, फ्लँडर्स: त्या दिवशीच्या युद्धविरामाला तह हा शब्द टाळा. कुठल्याही वरिष्ठाचा हुकूम नव्हता, काही तुकड्यांपुरता गोळीबार थांबला आणि शेजारच्या खंदकात चालूही राहिला. पोप बेनेडिक्ट 15 वे यांनी 7 डिसेंबरला शस्त्रसंधीचं आवाहन केलं होतं, ते कुणी मानलं नाही. भारतीय कोअर (फ्रान्समधलं भारतीय सैन्य) जिवांशीच्या लढाईनंतर 22 डिसेंबरच्या सुमारास बहुतांशी मागे आली होती, पण 39 व्या गढवाल रायफल्सचे लोक पुढे होते आणि तेही जर्मनांना भेटले.

उत्तर समुद्र: त्याच सकाळी कुक्सहाफेन या जर्मन बंदरावर ब्रिटिशांचा हल्ला. तीन जहाजांवरून 7 सीप्लेन (पाण्यावरून उडणारी विमानं) उडाली, झेपेलिन या जर्मन हवाई जहाजांच्या शेड शोधायच्या होत्या, धुक्यात सापडल्या नाहीत. तीन विमानं जहाजांपर्यंत आली, तिघांचे वैमानिक पाणबुडी ‘ई-11’ने उचलले, एकाला डच मासेमारी बोटीने.

कॉकेशस: रशियनांच्या ताब्यातल्या सारिकामिशवर तुर्की युद्धमंत्री एन्व्हर पाशाचा हल्ला नेमका 25-26 ला ऐन भरात. उन्हाळी कपड्यांत डोंगर चढवल्यामुळे तुर्कांचे गोळीपेक्षा थंडीने जास्त मेले.

बाकी पटापट: प्शेमिशल या ऑस्ट्रियन किल्ल्याला रशियनांचा वेढा, इजिप्तमध्ये पिरॅमिडशेजारी मेना छावणीत ऑस्ट्रेलियन, चीनमधला जर्मन तळ त्सिंगताओ पडल्यावर जपानमध्ये कैदेत गेलेले जर्मन, फॉकलंडमधून निसटून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला लपलेली जर्मन युद्धनौका ‘ड्रेस्डेन’.

सगळ्यात मोठा खड्डा कॅलेंडरचा. रशिया आणि सर्बिया जुन्या (ज्युलियन) पंचांगावर होते, त्यांच्याकडे त्या दिवशी 12 डिसेंबर. त्यांचा नाताळ आपल्या 7 जानेवारीला. ‘त्या दिवशी सगळ्या जगात नाताळ होता’ हे वाक्य दिसलं की खोडा. शिवाय जर्मन घड्याळ ब्रिटिश-फ्रेंच घड्याळाच्या एक तास पुढे होतं. दोन्ही बाजूंच्या डायऱ्यांतल्या वेळा शेजारी लावल्यात तर एकच घटना दोनदा घडल्यासारखी दिसेल.

पेठेतला_वाचक
B नाही, V आहे. डबी मूळची दिसतेय. फ्रान्सची पाटी काढतो. मग खाली लिहू काय?

सॅपर_लाइन्स
‘राजकन्या मेरी भेट-डबी, 1914. मूळ मालक अज्ञात. पुण्यात खरेदी.’ आणि खाली ओळीत भारतीय सैनिकांना त्यात काय मिळालं ते.

पितळखुंटी
पेटीतला बल्ब एलईडी घ्या. कार्ड कुणाकडून उसनं मिळालं तर 50 लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, प्रदर्शन महिनाभर चालणार असेल तर फोटोप्रतच लावा.